नाट्यगृहाबरोबर नट घडवण्याची सोयही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, गायक-नट केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले आणि तेव्हापासून त्याच्या पुनर्उभारणीविषयी कोल्हापुरात पुष्कळ बोलले व लिहिले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर या नावाने सुरू झालेली ही वास्तू पूर्ववत व्हावी, याबद्दल या शहरात दुमत असण्याचे कारण नाही. छत, खुर्च्या, ध्वनियंत्रणा, प्रकाशव्यवस्था यांची चर्चा झाली, ती आवश्यकच होती. परंतु त्या रंगमंचावर उभे राहणारे नट कोठे आणि कोणाकडून शिकणार, हा विषय त्या चर्चेत फारसा आला नाही. हौशी रंगभूमीवर बरीच वर्षे काम केलेल्या एका कार्यकर्त्याच्या नात्याने त्याविषयी चार शब्द लिहीत आहे.

ज्यांचे नाव या नाट्यगृहाला आहे ते केशवराव कोणत्याही शाळेत अभिनय शिकले नव्हते. लहान वयातच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले, तेथे गाणे आणि नट म्हणून उभे राहणे या दोन्ही गोष्टी जाणत्यांच्या हाताखाली शिकले आणि १९०८ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी हुबळीला ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली. त्या काळातील नाटक मंडळी हीच नटाची शाळा असे. मुले मंडळीच्या बिऱ्हाडी राहत, मोठ्या नटांचे काम रोज रात्री विंगेतून पाहत, आणि चुकले तर दुसऱ्या दिवशी तेच वाक्य पुन्हा घोटून घेणारे तालीममास्तर त्यांच्यासमोर बसलेले असत. बोलपट आले, मंडळ्या एकेक करून मोडल्या आणि शिकवण्याची ही रोजची रीतही त्यांच्याबरोबर गेली. पुढे राज्य नाट्य स्पर्धेने गावोगावच्या हौशी नटांना रंगमंच मिळवून दिला, हे तिचे ऋण मोठेच आहे. पण रंगमंच मिळणे आणि शिकवणारा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्पर्धेच्या तालमीतून नट शिकतोच की, असे यावर म्हटले जाईल. थोडेफार शिकतो, परंतु तालमीसमोर प्रयोगाची तारीख असते. पाठांतर, हालचाली, नेपथ्य, संगीत आणि लेखकाची परवानगी यांत दिग्दर्शकाचे दिवस संपतात आणि नटाचा दोष दुरुस्त करण्याऐवजी तो झाकण्याकडे कल होतो. ज्याचा आवाज पोहोचत नाही त्याला पुढे उभे केले जाते, ज्याला हातांचे काय करावे हे कळत नाही त्याच्या हाती वर्तमानपत्र दिले जाते. प्रयोग पार पडतो, नट मात्र होता तेथेच राहतो आणि पुढच्या वर्षी तोच दोष घेऊन नव्या भूमिकेत उभा राहतो. अभिनयाच्या कार्यशाळेला मात्र अशी तारीख नसते. तेथे चुकण्याला वेळ असतो, आणि ते चुकणे जाणत्या डोळ्यांसमोर घडते, हे तिचे खरे मोल आहे.

येथील एका कार्यशाळेत पाहिलेला प्रसंग सांगतो. उद्यमनगरातील एका वर्कशॉपमध्ये लेथ, म्हणजे धातू कातण्याचे यंत्र, चालवणारा एक तरुण मुलावर चिडलेल्या बापाचा उतारा करत होता. आवाज चढलेला, मान ताठ, बोट रोखलेले. सगळे होते, पण राग कोठेच नव्हता. अनेक वर्षे व्यावसायिक आणि प्रायोगिक अशा दोन्ही रंगभूमींवर वावरलेले मार्गदर्शक त्याला म्हणाले, ‘‘राग राहू द्या. तुम्ही रोज सकाळी मशीनवर काय करता, ते आधी दाखवा.’’ त्याने रिकाम्या जागेत जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, उचलला, त्याचे वजन सावरले, चकमध्ये, म्हणजे यंत्राच्या पकडीत, धरला, चावी फिरवून आवळला, चावी काढून बाजूला ठेवली, हात सुताच्या वेस्टने पुसला. समोर काहीच नसताना आम्हा सर्वांना लेथ दिसले. मग त्यांनी हेच काम चालू ठेवून तोच उतारा बोलायला सांगितला आणि मुलाकडे एकदाही पाहायचे नाही, अशी अट घातली. आता वाक्ये चावीच्या फेऱ्यांमध्ये अडकू लागली, एका वाक्याला हात मध्येच थांबला, आणि त्या थांबण्यात तो बाप आम्हाला पहिल्यांदा भेटला. मार्गदर्शकांनी कौतुक न करता इतकेच विचारले, ‘‘हात कशामुळे थांबला? उद्या पुन्हा थांबवता येईल का?’’ दुसऱ्या दिवशी थांबला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्यापुढे जे काम झाले तीच कार्यशाळा.

भावना थेट ओढून आणता येत नाही, पण योग्य शारीरिक कृतीच्या वाटेने ती येऊ शकते, हे मॉस्को आर्ट थिएटरचे रशियन नट-दिग्दर्शक स्टॅनिस्लाव्हस्की आपल्या अखेरच्या वर्षांत आग्रहाने मांडत होते आणि जगभरच्या नाट्यशिक्षणाने ते पुढे आपापल्या परीने स्वीकारले. आपल्याकडील भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (मनातील भावाचा) असे अभिनयाचे चार प्रकार सांगितलेले आहेत. पुस्तकातून ही दोन्ही प्रकरणे कोणीही वाचावीत, अवश्य वाचावीत. मात्र आपला हात खोटा पडला की खरा, हे नटाला स्वतःला दिसत नाही. कुस्तीच्या तालमीतला वस्ताद खांद्याला हात लावून पवित्रा दुरुस्त करतो, तसा समोर उभा राहून सांगणारा माणूस त्यासाठी लागतो.

आवाजाच्या बाबतीत ही गरज अधिकच तीव्र आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकारही बहुधा तेथेच असतो. श्वास कोठे घ्यायचा हे ज्याला शिकवलेले नाही त्या नटाचा दम वाक्य संपता संपता सरतो आणि नेमके तेच शब्द गिळले जातात. ‘मी तुला हे कधी सांगणार नव्हते’ या वाक्यातील ‘नव्हते’ तिसऱ्या रांगेपुढे गेले नाही, तर प्रेक्षकाच्या हाती उलटाच अर्थ पडतो. नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबे यांनी आपल्या नाट्यशिबिरांतून तरुण नटांच्या शब्दोच्चारावर आयुष्यभर जी मेहनत घेतली, तिचे महत्त्व माइकच्या सवयीमुळे आपण विसरत चाललो आहोत. चांगला मार्गदर्शक सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसतो आणि ओरडू न देता तेथपर्यंत वाक्य पोहोचवून घेतो. जाता जाता एक नोंदवावेसे वाटते. कोल्हापूरच्या बोलीचा हेल पुसून टाका, असे सांगणारे मार्गदर्शकही मी पाहिले आहेत. प्रमाण मराठी नटाला स्वच्छ बोलता आलीच पाहिजे, पण आपली बोली गमावून ती शिकण्याची काहीच गरज नाही. दोन्ही बोलता येणारा नट अधिक भूमिका करू शकतो.

आता खेदाची गोष्ट. अलीकडे दोन दिवसांच्या अभिनय कार्यशाळांच्या जाहिराती शहरात वारंवार दिसतात. त्यांत मालिकेत संधी देण्याचे आश्वासन असते, साठ-सत्तर मुलांचा घोळका असतो, पहिला दिवस ओळखीत आणि अनुभवकथनात जातो, आणि दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्रे देऊन समूहछायाचित्र काढले जाते. माझ्या परिचयातील एका मुलीने अशा कार्यशाळेसाठी घरून हट्टाने पैसे घेतले होते. दोन दिवसांत तिला एकदाही उभे राहून वाक्य बोलायला मिळाले नाही. तिचा उत्साह तेथेच मावळला. प्रसिद्ध असणे आणि शिकवता येणे यांत फरक आहे, हे पालकांनी ध्यानात घ्यावे आणि नाव नोंदवण्यापूर्वी एका तुकडीत किती जण घेणार, प्रत्येकाला रोज काम करायला मिळणार का, आणि शिकवणाऱ्यांनी स्वतः रंगभूमीवर किती काळ काम केले आहे, एवढे तरी विचारावे.

कोल्हापुरात यापेक्षा चांगले घडवण्याची सामग्री नाही, असे मुळीच नाही. शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्राचा विभाग आहे, शाहू स्मारक भवनासारखी मध्यवर्ती जागा आहे, मुंबई-पुण्यात नाव कमावलेले येथील रंगकर्मी आहेत आणि स्पर्धेत तावून सुलाखून निघालेल्या हौशी संस्था आहेत. सलग दहा-बारा दिवसांची, पंधरा-वीस जणांचीच तुकडी असलेली कार्यशाळा वर्षातून एकदा व्हावी. आणि त्याच मार्गदर्शकांनी तीन-चार महिन्यांनी परत येऊन त्याच मुलांचे काम पुन्हा पाहावे. या परतीच्या भेटीवर माझा सर्वाधिक भर आहे, कारण कार्यशाळेत लागलेली चांगली सवय एरवी पहिल्याच स्पर्धेच्या गडबडीत सुटते. नोकरी-धंदा सांभाळून येणाऱ्यांसाठी वेळ संध्याकाळची ठेवावी, पण ती मुलींना बसने घरी परतता येईल अशा बेताने संपवावी. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या तालमींमुळे किती गुणी मुली दुसऱ्या नाटकाला आल्या नाहीत, हे प्रत्येक हौशी दिग्दर्शकाला ठाऊक आहे.

नाट्यगृह महापालिकेचे आहे. म्हणून महापालिका प्रशासनाला आपल्या पत्रातून विनंती अशी की, या वास्तूच्या व्यवस्थेत तालमीसाठी एक स्वतंत्र खोली राखून ठेवावी, ती लग्नकार्ये वा सभांना देऊ नये आणि कार्यशाळांसाठी तिचे भाडे हौशी संस्थांना झेपेल इतकेच ठेवावे. तिला फार काही लागणार नाही: लाकडी जमीन, भरपूर हवा, एका भिंतीला आरसा आणि आतून बंद करता येईल असे दार.

आपला,
एक हौशी रंगकर्मी,
कोल्हापूर