चष्म्याचीही चौकशी व्हावी

मा. संपादक,

लातूरच्या अनेक अभ्यासिकांत दारातच मोबाइल जमा करून घेतात, पण चष्म्याकडे कुणी पाहत नाही. मे २०२५ पासून रे-बॅन मेटाचे कॅमेरा असलेले चष्मे भारतात मिळू लागले आहेत. काडीवरचे बटण एकदा दाबले की फोटो, दाबून धरले की व्हिडिओ. त्यात नंबरच्या काचाही बसतात, त्यामुळे ‘काढला तर दिसत नाही’ असे म्हटले की रखवालदाराचा नाइलाज होतो. म्हणून अभ्यासिका आणि मुलींच्या वसतिगृहांनी ‘साधा चष्मा सोबत आणावा’ ही अट प्रवेश अर्जातच छापावी.

रेकॉर्डिंग चालू असताना पांढरा दिवा लागतो, यावर विसंबून राहू नये. दिवा झाकला तर या चष्म्यात रेकॉर्डिंग सुरू होत नाही, हे खरे. पण पैसे घेऊन दिवा निकामी करून देणारे निघाल्याच्या बातम्या २०२५ मध्येच आल्या, आणि आपल्याकडच्या उन्हात एवढासा दिवा एरवीही नजरेत भरत नाही. बिननावाच्या स्वस्त चष्म्यांत बहुधा दिवाच नसतो. ते ओळखायचे तर काड्या पाहाव्यात: बॅटरी तिथे असल्याने त्या जाड व जड लागतात. काचेच्या वरच्या कोपऱ्यात किंवा नाकावरच्या जोडापाशी बारीक गोल भोक दिसते, काडीच्या खालून मेमरी कार्डाची खाच असते.

यातले काही चष्मे स्वतःचे वाय-फाय सोडतात आणि पासवर्ड कारखान्यातला, १२३४५६७८ सारखा, तसाच राहतो. मग घालणाऱ्याच्याच घरातले चित्र शेजारच्या मोबाइलवर उघडू शकते. पासवर्ड बदलता येत नसेल तर असा चष्मा वापरूच नये.

सेवा केंद्रात आधारची प्रत काउंटरवर उघडी पडलेली असते; असा चष्मा घातलेल्याला ती सहज टिपता येते. जिथे चालते तिथे पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड आधार’ द्यावे. पिन टाकताना दुसऱ्या हाताचा आडोसा धरावा.

कायद्याचा आधार तोकडा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई खासगी अवयवांच्या चित्रणापुरते आहे, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीच्या खासगी क्षणांपुरते. अभ्यासिकेत बसलेल्या मुलीचा नुसता चेहरा टिपला तर यातले एकही लागू होत नाही. म्हणूनच संस्थेचा स्वतःचा लेखी नियम हवा.

कुणी सापडलाच तर चष्मा हिसकावून फोटो पुसायला लावू नयेत, पुरावाच जातो. शिवाय तोवर ते जोडलेल्या मोबाइलमध्ये गेलेले असू शकतात. पोलिसांना बोलवावे आणि चष्म्यासोबत मोबाइलही पंचनाम्यात घ्यायला सांगावे.

— एक वाचक, लातूर