शेफर्ड्स पाय आपल्या मुलांना नीट शिकवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत शेफर्ड्स पायची, म्हणजे खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर लावून ओव्हनमध्ये भाजायच्या इंग्लिश पदार्थाची, रेसिपी आली होती. मी इथे यॉर्कशरमध्ये राहते आणि पेपर ऑनलाइन वाचते, त्यामुळे जरा उशिराच नजरेस पडली, पण तेव्हापासून लिहायचं लिहायचं म्हणत होते. रेसिपीत चिकनचा खिमा होता, बटाट्यात क्रीम चीज, त्यावर किसलेल्या मोझरेलाचा जाड थर, आणि काचेच्या छोट्या वाट्यांत सजवून ख्रिसमस पार्टीसाठी म्हणून दिलेला. कुणाला तसं आवडत असेल तर जरूर करावं, माझं काही म्हणणं नाही. पण हा पदार्थ मुळात घरच्या रोजच्या जेवणातला, काटकसरीचा आहे आणि तो पार्टीचा म्हणून छापला की ज्यांना त्याची खरी गरज आहे ती मुलं तो करायच्या वाटेला जातच नाहीत. मला त्या मुलांसाठी लिहायचं आहे.

दर सप्टेंबरला आपल्याकडून मास्टर्स करायला मुलं इंग्लंडात येतात, लीड्स, शेफिल्ड, कोव्हेंट्री, लेस्टर, कुठे कुठे. चार-पाच जणांत मिळून एक किचन असतं आणि त्यात ओव्हन असतोच, पण आपल्याकडे बहुतेक घरांत रोजचा स्वयंपाक ओव्हनमध्ये होत नाही, त्यामुळे ही मुलं त्यात कढया आणि तवे ठेवतात. जेवण म्हणजे मग नूडल्स, ब्रेड-अंडं, नाहीतर शनिवारी पातेलंभर केलेली चिकन करी जी गुरुवारपर्यंत पुरवायची. दिवसभर लेक्चर, त्यावर पार्ट टाइम काम, रात्री दहाला रूमवर आल्यावर कांदा कोण चिरणार? अशा वेळी एक ट्रे शेफर्ड्स पाय म्हणजे चौघांचं पोटभर जेवण, त्यात मटण आलं, भाजी आली, बटाटा आला, पोळी-भात काही लागत नाही, आणि ट्रे ओव्हनमध्ये ढकलला की अर्धा तास आपण आपल्या असाइनमेंटला मोकळे.

आधी मांसाबद्दल बोलते, कारण तुमच्या रेसिपीत त्याबद्दल अक्षर नव्हतं आणि आपल्या घरांत हाच प्रश्न पहिला येतो. इथल्या रिवाजाप्रमाणे शेफर्ड्स पाय म्हणजे लॅम्ब, कोवळ्या मेंढीचं मटण, आणि कॉटेज पाय म्हणजे बीफ. वरून दोन्ही अगदी सारखे दिसतात, तोच बटाट्याचा खरपूस थर, आणि सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये दोन्हींचे तयार डबे शेजारी शेजारी ठेवलेले असतात. जो बीफ खात नाही त्याने नाव वाचून थांबू नये, मागचं लेबल वाचावं, आणि कँटीनमध्ये तर सरळ विचारावं कारण बोलताना बरेच जण ही दोन्ही नावं कशीही वापरतात. अजून एक, लॅम्बच्या पायमध्येसुद्धा बीफ स्टॉक (मांस-हाडं उकळून काढलेलं पाणी) घालायची पद्धत इथे पुष्कळ घरांत आहे, तेव्हा स्टॉकच्या वड्या घेतानाही लॅम्बच्या किंवा भाजीच्या आहेत ना ते बघून घ्यावं. वूस्टर सॉस घालतात त्यात अँकोव्ही म्हणजे छोटे मासे असतात (आणि चिंचही असते, त्यामुळे ती आंबट-खारट चव आपल्या जिभेला लगेच ओळखीची वाटते). हे सगळं माहीत करून मग खायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, पण माहीत असायला पाहिजे.

काटकसरीचा म्हटलं त्याला आधार आहे. कॉटेज पायचा उल्लेख नॉरफोकमधल्या जेम्स वुडफर्ड नावाच्या पाद्र्याच्या १७९१ सालच्या रोजनिशीत सापडतो, म्हणजे बटाटा इथल्या गरिबाच्या ताटात रुळू लागला होता त्या काळातला. शेफर्ड्स पाय हे नाव १८५४ च्या सुमाराचं, आणि तेव्हा मांस कुठलंही असलं तरी दोन्ही नावं चालायची. रविवारी मोठा रोस्ट करायचा आणि सोमवार हा धुण्याचा दिवस, घरातल्या बाईचा अख्खा दिवस पाणी तापवण्यात, कपडे घासण्या-पिळण्यात जायचा, मग कालचं उरलेलं मटण बारीक करून, त्याला कांदा आणि रस्सा लावून वर बटाटा थापायचा की रात्रीचं जेवण तयार. पुढे टेबलाच्या कडेला स्क्रूने बसवायची खिम्याची हातयंत्रं घरोघरी आली आणि हे काम अजून सोपं झालं. दुसऱ्या महायुद्धात मांसाचं रेशनिंग मार्च १९४० ला सुरू झालं ते जुलै १९५४ पर्यंत चाललं, आणि ते वजनावर नव्हतं तर किमतीवर होतं, म्हणजे स्वस्तातला तुकडा घेतला की जास्त मांस पदरात पडायचं. युद्धाच्या काळात बटाट्याला मात्र रेशन नव्हतं. थोडं मांस आणि भरपूर बटाटा यावर किती घरं जगली असतील याचा विचार केला की मला या पदार्थाबद्दल खूप आदर वाटतो. फ्रान्समध्ये याचाच भाऊ आहे, आशी पार्मांतिए, बटाट्याचा प्रचार करणाऱ्या पार्मांतिएच्या नावाचा, आणि कॅनडात क्युबेकमध्ये मधे मक्याच्या दाण्यांचा थर घालतात. आपल्यालाही खिमा-बटाटा ही जोडी नवी नाही, गोव्याचे पोटॅटो चॉप्स घ्या, मुंबईत इराण्याकडचं खिमा पॅटिस घ्या.

आता कृती. चौघांसाठी लॅम्बचा खिमा ५०० ग्रॅम, बटाटे ९०० ग्रॅम ते १ किलो, एक मोठा कांदा, दोन गाजरं, सेलरीची एक दांडी, दोन पाकळ्या लसूण, एक मोठा चमचा मैदा, दोन चमचे टोमॅटो प्युरी, स्टॉक ४०० मिली, तमालपत्र, थाइम किंवा रोझमेरी जे मिळेल ते, मूठभर मटार, बटर ५० ग्रॅम आणि थोडं दूध.

खिमा आधी मोठ्या आचेवर परतायचा, आणि सगळा एकदम पातेल्यात ओतायचा नाही. गर्दी झाली की त्याला पाणी सुटतं, मग तो परतला न जाता उकडला जातो आणि करडा पडतो, चव येतच नाही. दोन वेळा मिळून थोडा थोडा परता, चांगला तपकिरी होऊ दे, मग बाजूला काढा, तळाला चिकटलेलं खरवडून घ्या, चव तिथेच आहे. लॅम्बला चरबी भरपूर सुटते ती चमच्याने काढून टाका, दोन चमचे ठेवा आणि त्यातच कांदा-गाजर-सेलरी मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परता. मग लसूण, प्युरी, मैदा, तो कच्चा राहणार नाही इतकं हलवून स्टॉक, वूस्टर सॉसचा एक चमचा, पाला-पत्री, आणि खिमा परत आत. झाकण अर्धवट ठेवून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं मंद आचेवर. इथे घाई केली की सगळं बिघडतं. रस्सा पातळ राहिला तर तो ओव्हनमध्ये उकळून बटाट्यातून वर येतो आणि सगळा चिखल होतो, म्हणून चमच्याने पातेल्याच्या तळाशी रेघ ओढली की ती क्षणभर तशीच राहिली पाहिजे इतपत आटवा. मीठ शेवटी चाखून घाला कारण स्टॉक आणि सॉस दोन्ही खारट असतात. मटार अगदी शेवटी. गरम मसाला, हळद, धणे-जिरे पूड हे पहिल्यांदा तरी नको असं माझं स्पष्ट मत आहे, भरपूर मिरीपूड घाला आणि लॅम्बची स्वतःची चव एकदा कळू द्या, मग पुढच्या वेळी हिरवी मिरची घाला की काय हवं ते घाला.

बटाट्याकडे लोक लक्ष देत नाहीत आणि अर्धा पदार्थ तर तोच आहे. इथे मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड घ्यावा, दोन्ही पिठूळ. आपल्याकडे करत असाल तर जुना बटाटा घ्या, नवा चिकट होतो. सोलून सारखे तुकडे करा, गार पाण्यात मीठ घालून मग गॅसवर ठेवा, उकळत्या पाण्यात टाकलं तर बाहेरून गळतो आणि आत कच्चा राहतो. शिजला की पाणी निथळून त्याच गरम पातेल्यात दोन मिनिटं तसाच ठेवा म्हणजे वाफ निघून कोरडा होतो. मग कुस्करा, मॅशरने, काट्याने, कशानेही, पण मिक्सरला अजिबात लावू नका, पाती फिरली की बटाट्याच्या पेशी फुटून स्टार्च सुटतो आणि त्याची खळ होते. महाराष्ट्रात ज्यांच्या घरात पुरणयंत्र आहे त्यांनी बटाटा त्यातून काढावा, इतका सुंदर मऊ होतो की इथले लोक त्यासाठी वेगळं महागडं यंत्र घेतात. बटर आधी घाला, मग दूध गरम करून लागेल तेवढंच, एरवीच्या मॅशपेक्षा हा घट्ट हवा.

खिमा ट्रेमध्ये पसरून पूर्ण गार होऊ द्या, गरम खिम्यावर बटाटा टाकला की तो बुडतो. बटाटा आधी कडेकडेने लावून कडा बंद करा, मग मधे, आणि वरून काट्याने रेघा ओढा, त्या उंचवट्यांवरच खरपूस रंग येतो. ओव्हन २०० डिग्री, पंख्याचा असेल तर १८०, अर्धा तास. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबा, नाहीतर वाढताना सगळं वाहून जातं. वर चीज घालायचं तर थोडं चेडर घाला, कंबरलँड पायमध्ये ब्रेडचा चुरा आणि चीज घालतातच, पण त्याने खालच्या खिम्याची चव दाबली जाणार नाही एवढंच. आपल्याकडे बकऱ्याचं मटण असेल तर ते शिजायला जास्त वेळ घेतं, कुकरला लावलं तरी चालेल पण नंतर झाकण काढून आटवायचंच. शाकाहारी मुलांसाठी खिम्याच्या जागी मसूर आणि मशरूम, स्टॉक भाजीचा, वूस्टर सॉस वगळा. इथे त्याला शेफर्डेस पाय म्हणतात आणि खरंच चांगला लागतो.

आणि ते शनिवारची करी गुरुवारपर्यंत पुरवायचं प्रकरण. शिजवलेलं अन्न तासा-दोन तासांत गार करून फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, दोन दिवसांत संपवायचं, परत गरम करताना मधोमध वाफ येईपर्यंत करायचं आणि तेही एकदाच. म्हणून एकट्याने केला तर निम्मा पहिल्याच दिवशी वाट्यावाट्यांत भरून फ्रीजरला टाका, महिनाभरात कधीही खा. हे पेपरने छापणं मला रेसिपीइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण शिळ्या भाताने आणि करीने पोट बिघडून परीक्षेला न जाऊ शकलेली मुलं मी पाहिली आहेत.

तर विनंती एवढीच की हा पदार्थ पुन्हा छापा, ग्रॅम-मिलीच्या मापांसकट, लॅम्ब-बीफच्या लेबलची चौकट टाकून, आणि शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये, व्हिसा आणि बॅगांची धावपळ चालू असते तेव्हा. पालकांनी मुलांकडून जायच्या आधी घरी एकदा तरी करून घ्यावा, ओटीजी (छोटा विजेवरचा ओव्हन) नसेल तर शेजारच्यांचा मागून घ्यावा. बॅगेत यासाठी काही भरायला नको, ट्रे आणि मॅशर इथे कुठल्याही दुकानात मिळतात.

आपली नम्र,
एक वाचक, यॉर्कशर, इंग्लंड