बाबांच्या स्वेटरचे माप

बर्गन, नॉर्वे
११ ऑक्टोबर

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

माझी प्रकृती उत्तम आहे, जेवण वेळेवर होते आणि खोली उबदार आहे, तेव्हा काळजीचे काही कारण नाही. पाऊस आहे, पण येथे तो बाराही महिने असतो. मुंबईवर चार महिन्यांत जेवढे पाणी कोसळते, साधारण तेवढेच हे लोक वर्षभर पुरवून पुरवून घेतात.

आई, बाबांचा स्वेटर कुठवर आला असे तू फोनवर विचारलेस, तेव्हा काखेपर्यंत आला आहे असे मी सांगितले. ते त्या दिवशी खरे होते. परवा मी तो सगळा उसवला.

रागावू नकोस, आधीच्या चुका मी तू शिकवल्याप्रमाणेच सुधारल्या होत्या. एक टाका सोळा ओळी खाली निसटला होता आणि त्याच्या वर आडव्या धाग्यांची शिडी तयार झाली होती. क्रोशाच्या सुईने एकेक पायरी त्या टाक्यातून ओढत मी तो वर आणला, तोही हलक्या हाताने, कारण तेथे धागा ताणला की तेवढीच उभी रेघ घट्ट दिसते. खालच्या दोन सुलट, दोन उलट पट्टीत एका जागी उलटाऐवजी सुलट पडला होता. तेवढाच टाका खालपर्यंत सोडून पुन्हा उचलून घेतला, शेजारच्या टाक्यांना हातही लावला नाही.

तिसरी चूक मात्र पहिल्या टाक्याच्याही आधीची निघाली. छाती ४२ इंच धरून, दहा सेंटिमीटरला २२ टाके या हिशेबाने मी २३६ टाके घातले होते. हे माप मी मुंबई सोडली तेव्हाच्या बाबांचे आहे. गणपतीत आरतीला उभ्या असलेल्या बाबांचा निळा सदरा खांद्यावरून उतरल्यासारखा वाटला, तेव्हा मी मोबाईलला दोष दिला. पण ताईने पाठवलेल्या फोटोत कॉलर आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे सहज मावतील एवढी जागा दिसली. ऑपरेशननंतर वजन उतरतेच, हे तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे. एप्रिलमध्ये मला खरोखरच रजा मिळाली नव्हती, हे मी पूर्वीही लिहिले आहे.

शेजारच्या आजींना स्वेटर दाखवला, तर त्यांनी दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच कात्रीने कापून टाकण्याचा सल्ला दिला. तू दचकशील, म्हणून नीट सांगतो. येथे पुष्कळ स्वेटर पिशवीसारखे गोल विणतात, बाह्यांसाठी किंवा बटणपट्टीसाठी उघडी जागा ठेवतच नाहीत, आणि सगळे झाल्यावर शिवणयंत्राने दोन शिवणी मारून त्यांच्यामधून सरळ कात्री चालवतात. गोल विणले की सुलट बाजू सतत समोर राहते, दोन रंगांची नक्षी डोळ्यांदेखत उमटत जाते आणि परतीची उलट ओळ विणावी लागत नाही. मेंढीच्या खरखरीत लोकरीचे तंतू एकमेकांना धरून बसतात, त्यामुळे कापलेली कड सुटत नाही. आपल्या गुळगुळीत बेबी वूलवर हा प्रयोग कृपया करू नकोस. आजींनी कात्री आणूनही ठेवली होती, पण माझ्याने ते झाले नाही.

उसवलेल्या लोकरीचे काय करायचे ते तुला सांगायला नको. तिच्या लडी सध्या न्हाणीघरात शेवयांसारख्या वाळत आहेत.

मी संध्याकाळी एकटा विणत बसतो याची आत्याला चिंता वाटते असे कळले. येथे शाळेत मुलगे आणि मुली दोघांनाही विणकाम शिकवतात, त्यामुळे त्यात कोणालाही काही वावगे दिसत नाही, आणि मी एकटाही नसतो. दर गुरुवारी वाचनालयात आम्ही सात-आठ जण जमतो. तिने सुचवलेल्या स्थळाविषयी ताईचे लग्न पार पडल्यावर बोलू. मी नाही म्हटलेले नाही, एवढे तिला सांगावे.

कार्यालयाच्या उरलेल्या रकमेसाठी ६०,००० रुपये बाबांच्या खात्यावर पाठवले आहेत. त्यासाठी ठेव मोडू नये. तिकीट २२ डिसेंबरचे मिळाले आहे, म्हणजे मी हळदीच्या आदल्या रात्री पोहोचेन. केळवणे, खरेदी, पत्रिका वाटणे यांपैकी काहीच माझ्याकडून होणार नाही, हे मला ठाऊक आहे. स्वेटर मात्र घेऊन येईन. जानेवारीत शिवाजी पार्कला पहाटे फिरायला जाताना बाबांना तो उपयोगी पडेल.

म्हणून आई, टेपने बाबांच्या छातीचे माप घेऊन लगेच कळव. माझ्या अंदाजाने ते ३८ भरेल आणि २१२ टाके पुरतील, पण या वेळी मला अंदाजावर विणायचे नाही. ताईला आशीर्वाद देण्याइतका मी मोठा नाही, तिला नमस्कार सांगा.

तुमचा,
धाकटा

ता. क. माप घेताना बाबांना छाती फुगवू देऊ नकोस.