कायदा एक, शिक्षा डिस्ट्रिक्टगणिक

संपादक महोदय,
अमेरिकेतल्या फेडरल (म्हणजे केंद्राच्या) कोर्टांत कायदा एकच, पण शिक्षा केस कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये उभी राहिली त्यावर, हे काय गौडबंगाल? हे थांबवायलाच १९८४ साली कायदा करून शिक्षेचे नियम ठरवणारं सेंटेन्सिंग कमिशन आणलं, १९८७ पासून गुन्ह्याची लेव्हल आणि जुना रेकॉर्ड बघून तुरुंगवासाचे महिने काढायचा तक्ताच जजच्या हातात दिला, मग २००५ ला सुप्रीम कोर्टाने बुकर केसमध्ये तो फक्त सल्ल्यापुरता ठेवला. पण सगळं खापर जजवर फोडू नका हो. मेक्सिको बॉर्डरवर केसेसचा ढीग, म्हणून लवकर गुन्हा कबूल केला की सरकारी वकीलच शिक्षा कमी मागायचे, आणि देशाबाहेर हाकलल्यावर परत घुसलेल्याला हीच सवलत बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये २०१२ पर्यंत नव्हती! चार्ज कुठला लावायचा तेही हेच वकील ठरवतात, त्यावर कोण बोलणार?
– एक वाचक