न आढळल्याच्या नोंदी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. त्याच माळावर आणि त्याच ओढ्याकाठी आम्ही पुन्हा पुन्हा का जातो, एकदा तिथले प्राणी-पक्षी नीट मोजले की काम संपत का नाही, हा तुझा प्रश्न रास्त आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

आपण मोजतो ते दिसलेले प्राणी; असलेले सगळे नव्हेत. समज, एखाद्या आमराईत घुबडाचे वास्तव्य आहे आणि एका फेरीत त्याचा आवाज कानी पडण्याची शक्यता ३० टक्के आहे. अशा तीन फेऱ्या करूनही ते एकदाही न आढळण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के उरते. आठ फेऱ्या केल्या, तर ती सहा टक्क्यांच्या आत येते. त्यामुळे मी वहीत ‘घुबड नाही’ असे कधीच लिहीत नाही. किती वाजता, कशा वाऱ्यात, किती वेळ थांबून ऐकले आणि काही आढळले नाही, असे लिहितो. २००२ साली मॅकेन्झी हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, किती जागांवर प्राण्याचे खरोखर वास्तव्य आहे याचा अंदाज काढण्याची जी पद्धत मांडली, तिला ‘आढळले’इतकीच ‘आढळले नाही’ ही नोंदही लागते. मात्र या फेऱ्या एकाच हंगामात उरकाव्या लागतात, कारण मधल्या काळात प्राण्याने जागाच सोडली, तर न दिसणे आणि नसणे यांचा हिशेब एकमेकांत मिसळून जातो.

हंगामाचे महत्त्व इथेच आहे. विणीच्या दिवसांत चंडोलाचा नर गात गात उंच चढतो, तेव्हा तो दुरूनही कळतो. वीण सरली की तोच पक्षी ढेकळांच्या रंगात असा मिसळतो की पायाशी येईपर्यंत उडत नाही. दोन्ही वेळचे आकडे शेजारी ठेवून कोणी ‘चंडोल घटले’ म्हणाला, तर ते मला मान्य होणार नाही. ब्रिटनमध्ये १९७६ पासून ठरलेल्या वाटांवर फुलपाखरे मोजली जातात. तिथे वाटेची रुंदी, दिवसाची वेळ आणि किमान तापमान हे सारे आधीच ठरलेले असते, आणि म्हणूनच त्यांची एका वर्षाची नोंद दुसऱ्या वर्षाच्या नोंदीशी ताडून पाहता येते.

सरळ रेषेत चालत मोजणी करताना सर्वांत जपावे लागते ते अंतराला. प्राणी दिसताच तो जिथे प्रथम दिसला त्या जागेचे अंतर आणि रेषेशी होणारा कोन टिपायचा असतो. आपल्या चाहुलीने तो सरकल्यानंतरची जागा धरायची नसते. रेषेपासून जसजसे दूर जावे तसतसे प्राणी कमी दिसतात, आणि ते कोणत्या प्रमाणात कमी होतात यावरूनच नजरेतून निसटलेल्यांचा अंदाज बांधला जातो. पण थकलेला माणूस ४३ मीटरांना ४५ म्हणतो, ४८ ला ५०, आणि कागदावर पाच-दहाच्या आकड्यांवर नोंदींचे ढीग साचतात. असे ढीग पाहिले की मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यामागे कोणाची तरी अख्खी पहाट खर्ची पडलेली असते.

शेतमालकाची परवानगी तर घ्यावीच, पण त्याच्याशी निवांत बोलावेही. ‘इथे कोल्हा दिसतो का?’ असे विचारले की पुष्कळदा पाहुण्याचे मन राखणारा होकार मिळतो. ‘रात्री पाणी द्यायला येता तेव्हा काय काय दिसते?’ असे विचारले, तर तो बांधावरचे बीळसुद्धा दाखवतो.

पुढच्या हंगामात तू येणार असशील, तर आतापासून एक सराव कर. चालताना समोरच्या झाडाचे अंतर नजरेने ठरव, मग ते फितीने मोज आणि दोन्ही आकडे लिहून ठेव. येताना ती वही घेऊन ये. तुझी नजर अंतर कमी धरते की जास्त, ते आपण निघण्याआधीच पाहून घेऊ.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
अनंत