डर्बीहून, बाबांच्या प्रश्नाला

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, विमान पडलं की दुरुस्तीवर सही करणाऱ्या माझ्यासारख्या इंजिनिअरलाच धरतात, असं तुमच्या नौपाड्याच्या कट्ट्यावर ठरलंय म्हणे. उगाच झोप घालवू नका. तांत्रिक तपास आणि पोलिसांचा तपास वेगळे. आयकाओ म्हणजे संयुक्त राष्ट्रांची विमान वाहतूक संस्था, तिच्या अनेक्स १३ या नियमावलीप्रमाणे तांत्रिक तपास पुढचा अपघात टाळण्यासाठी असतो, दोषी ठरवण्यासाठी नाही.

आणि ‘चूक पायलटची की मशीनची’ हा तुमचा प्रश्नच अर्धवट. इथून जवळच केगवर्थला ८ जानेवारी १९८९ रोजी बोइंग ७३७-४०० पडलं, ४७ माणसं गेली. तुटलं डाव्या इंजिनाच्या फॅनचं पातं, पायलटांनी बंद केलं उजवं. झाली पायलटची चूक? थांबा. धूर केबिनकडून येतोय आणि केबिनची हवा उजव्या इंजिनाची, हा कॅप्टनचा हिशोब. ऑटोथ्रॉटल (इंजिनाची पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) काढल्यावर डाव्याची थरथरही कमी झाली, म्हणजे खात्रीच पटली. नव्या मॉडेलच्या सिम्युलेटरवर सराव नव्हता, व्हायब्रेशनचं मीटर बारीक. डावीकडच्या ठिणग्या मागे दिसल्या, पण कॉकपिटपर्यंत कुणी पोचवलं नाही. पातं का तुटलं? उंचीवर जास्त पॉवरला ते जसं थरथरायचं, तसं जमिनीवरच्या चाचणीत दिसलंच नव्हतं. आता सांगा, कोणाची चूक?

अहमदाबादच्या विमान अपघातावर माझं मत मागू नका. प्राथमिक अहवालात इंधनाचे स्विच रनवरून (चालू) कटऑफला (बंद) गेले एवढंच आहे; का गेले, ते नाही.

इथली एक पद्धत तुम्हाला पटणार नाही. पाना सापडेना झाला की विमान जागेवर उभं. ज्याने स्वतः सांगितलं त्याला सुपरवायझर चक्क थँक्यू म्हणतो! मग विचारतो: उजेड पुरेसा होता? शिफ्टचा कितवा तास? सारखे दिसणारे दोन बोल्ट एकाच ट्रेमध्ये होते? आपल्याकडे आधी नाव विचारतात. लपवलं किंवा पिऊन आला तर मात्र गय नाही. शिवाय दोन्ही इंजिनांचं तेच काम एकाच माणसाने एकाच वेळी करायचं नाही, म्हणजे एकाची चूक दोन्हीकडे जात नाही. तेव्हा माझी सही एकटी नसते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. नाइट शिफ्टही कमी झाल्यात, खरंच.

पैसे पाठवलेत. त्यातले आईच्या मोतीबिंदूचे बाजूला काढा, गॅलरीच्या ग्रिलला घालू नका. ऑपरेशनला मी नसेन. दादाला सुट्टी काढायला सांगितलंय, वहिनीही येईल म्हणाली. आई, रागावू नकोस. पुनर्विकासाच्या करारावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. डोंबिवलीच्या स्थळाला नाही कळवा, पण तुम्हीच कळवा, माझा फोनवर आवाज चढतो. दिवाळीचं तिकीट फार महाग आहे. बघते.

तुमची,
सायली