वर्गातून नाहीशी होणारी मुलं

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी ओहायोहून फोनवर तू म्हणालास, "सत्र निम्मंही झालं नाही आणि वर्ग रिकामा व्हायला लागलाय. ज्यांना शिकायचंच नाही, त्यांना मी कसं शिकवू?" दिवसभर पेपर तपासून तू थकला होतास, म्हणून तेव्हा मी वाद घातला नाही. पण तुझं म्हणणं मला पटलेलं नाही. का पटलं नाही, ते सावकाश लिहिते.

ज्यांना शिकायचं नसतं, ती मुलं कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे आपल्या दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजात, नावच घालत नाहीत. आपल्या ओळखीच्या घरांत शाळा संपली की मूल आपोआप कॉलेजात जातं, कारण न जाण्याची गोष्ट घरात कुणी तोंडातूनही काढत नाही. इथे न्यूयॉर्कच्या कॉलेजात, विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या आमच्या कार्यालयात, माझ्या टेबलासमोर येऊन बसणाऱ्या मुलांचं उलटं असतं. न येण्याची सबळ कारणं त्यांच्याकडे असतात, आणि ती सगळी बाजूला सारून ती आलेली असतात. कुणी रात्रभर गोदामात खोकी उचलून आलेलं असतं, कुणी धाकट्या भावाला शाळेत सोडून, कुणी वयाच्या चाळिशीत स्वतःच्या मुलांच्या बरोबरीनं वही घेऊन. पहिल्या आठवड्यात त्यांचे चेहरे तूही पाहिलेस. ती दिसेनाशी झाली की "शिकायचं नव्हतं" हे उत्तर सगळ्यात आधी सुचतं, आणि माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा चुकीचं निघतं.

मागच्या सत्रातला एक मुलगा सांगते. गणितात चांगला, फळ्यावर उभं केलं तर उदाहरण सोडवून मोकळा व्हायचा, पण गृहपाठाच्या रकान्यात शून्यांची रांग. त्याच्या शिक्षिकेनं शून्य मांडून विषय संपवला नाही. तिसऱ्याच आठवड्यात तिनं आमच्या कार्यालयाला कळवलं. माझ्या सहकाऱ्यानं त्याला फोन केला तेव्हा कळलं, की गृहपाठ ज्या संकेतस्थळावर करायचा त्याचा कोड विकत घ्यावा लागतो, आणि या मुलाची सरकारी मदत एका सहीवाचून अडकली होती. लाजेनं तो कुणाशी बोलला नव्हता. मग आमच्याकडून सहीचा कागद पुढे गेला, ग्रंथालयातल्या बाईंनी राखीव कपाटातलं पुस्तक दोन-दोन तासांसाठी द्यायला सुरुवात केली, शिक्षिकेनं मागच्या गृहपाठांची मुदत वाढवली. प्रत्येकाचं काम थोडक्याच वेळाचं. पण यातलं एक माणूस जरी "हे माझं काम नव्हे" म्हणालं असतं, तरी तो मुलगा ऑक्टोबरात आमच्या यादीतून गळला असता.

तेव्हा उद्या वर्गात गेलास की कोड कुणाकुणाकडे नाही ते विचार. हात वर करायला लावू नकोस, चिठ्ठीवर लिहून घे. पुढच्या सत्रात पुस्तक निवडणं तुझ्या हातात असेल, तर राइस विद्यापीठाची ओपनस्टॅक्सची पुस्तकं पाहा. संख्याशास्त्राचं पुस्तक फुकट उतरवून घेता येतं, आणि मायओपनमॅथ या संकेतस्थळावर गृहपाठही विनाशुल्क देता येतो. न्यूयॉर्क राज्यानं २०१७ मध्ये अशा मुक्त पुस्तकांसाठी क्यूनीला, म्हणजे सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कला, पैसे दिले. पण पैशानं पुस्तक बदलत नाही. स्वाध्याय, प्रश्नपत्रिका, घटकांचा क्रम, सगळं नव्यानं मांडावं लागतं. माझ्या ओळखीच्या कितीतरी शिक्षकांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून ते केलं. मुलांना त्यांची नावंही ठाऊक नाहीत.

तू गणिताचा, तुला आकडे हवे असतात, म्हणून तेही देते. क्यूनीनं २००७ मध्ये एसॅप नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात मुलानं पूर्णवेळ शिकायचं आणि सल्लागाराला नेमानं भेटायचं. त्याच्या बदल्यात मदतीतून उरलेली फी माफ, पुस्तकांना हातभार, आणि तेव्हा दरमहा मेट्रोकार्ड, म्हणजे शहरातल्या रेल्वे-बसचा पास. एमडीआरसी या संशोधन संस्थेनं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक निवड करून दोन गट पाडले आणि त्यांचा माग ठेवला. तीन वर्षांत एसॅपमधली ४० टक्के मुलं पदवीपर्यंत पोचली, दुसऱ्या गटातली २२ टक्के. ही सगळी कमी उत्पन्नाच्या घरांतली, आणि प्रवेशाच्या वेळी गणितात किंवा इंग्रजीत कच्ची ठरवलेली मुलं होती. खर्च दर मुलामागे जास्त आला, पण पदवी घेऊन बाहेर पडलेल्या दर मुलामागे हिशेब केला तर तो कमी भरला.

ही न्यूयॉर्कची गोष्ट, ओहायोत मेट्रो कुठे आहे, असं तू म्हणशील. तर ऐक. तुझ्याच राज्यात सिनसिनाटी स्टेट, कायाहोगा आणि लोरेन काउंटी या तीन कॉलेजांनी हाच प्रयोग केला. मेट्रोकार्डाऐवजी पेट्रोल आणि किराण्यासाठी भेटकार्ड दिलं. तीन वर्षांत पदवी मिळवणारे तिथे ३५ टक्के झाले, एरवीचे १९. कायाहोगा तर तुझ्या घरापासून फार लांब नाही. तिथल्या कुणाशी तरी एकदा बोलून ये.

या सगळ्यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो सल्लागारामागे असलेल्या मुलांचा आकडा. न्यूयॉर्कच्या त्या अभ्यासात एसॅपच्या सल्लागाराकडे ६० ते ८० मुलं होती, बाकीच्या सल्लागारांकडे ६०० ते १५००. साठ मुलं असली, तर कुणाची आई आजारी आहे, कुणाची नोकरी सुटली, हे माणसाच्या लक्षात राहतं. सहाशे मुलांची नावंही लक्षात राहत नाहीत. एकाच इमारतीत एका मुलाला नेमानं विचारणारं माणूस आहे आणि दुसऱ्याला नाही, ही गोष्ट मला अजून सलते. त्या दुसऱ्या मुलासाठी उरतो तो वर्गातला शिक्षक. म्हणजे तू.

आता तुझ्या विषयाकडे येते. "यांचं बीजगणितच कच्चं आहे, आधी पाया पक्का करायला पाठवा," असं तू म्हणालास. हेच आम्ही वर्षानुवर्षं करत होतो. पदवीला धरली न जाणारी गणितं आधी, मग खरं गणित. मुलं त्या पहिल्या पायरीवरच बसून राहायची. २०१३ मध्ये क्यूनीतल्या अलेक्झांड्रा लोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन कॉलेजांत प्रयोग केला. बीजगणितात कच्च्या ठरवलेल्या मुलांपैकी काहींना नेहमीसारखं प्राथमिक बीजगणित दिलं, तर काहींना थेट कॉलेजच्या संख्याशास्त्रात बसवलं आणि सोबत दर आठवड्याला जादा तास ठेवला. बीजगणितात ३९ टक्के पास झाले, संख्याशास्त्रात ५६ टक्के. विषय अवघड आणि उत्तीर्ण जास्त! त्यानंतर क्यूनीनं ते जुने पायाचे वर्ग टप्प्याटप्प्यानं बंद केले. पण जादा तास घेणारं माणूस तिथे दर आठवड्याला उभं राहिलं म्हणून ते जमलं, हे विसरू नकोस. मी पाहिलंय, शिकवणी केंद्रातली पोरं, जी स्वतः वर्षभरापूर्वी त्याच वर्गात अडखळत होती, संध्याकाळी उशिरापर्यंत एकेका जोडीला घेऊन बसतात.

२०२४ चा वसंत तुला आठवत असेल, तेव्हा मी घरी उशिरा यायची. सरकारी मदतीचा फाफ्सा अर्ज त्या वर्षी नव्या रूपात आला. एरवी ऑक्टोबरात उघडणारा अर्ज डिसेंबर संपता संपता उघडला, आणि ज्यांच्या आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे अमेरिकी सरकारचा ओळख क्रमांक, नाही त्या मुलांना तो कित्येक आठवडे पुढेच सरकू देईना. आमच्या कार्यालयातली माणसं संध्याकाळी घरांना फोन करत बसायची. कुणी स्पॅनिशमध्ये, कुणी मँडरिनमध्ये, आणि मी जॅक्सन हाइट्सच्या बांगलादेशी आयांशी हिंदीत. एक आई पलीकडून रडत होती. आपल्यामुळे मुलीचं शिक्षण अडलं, असं तिनं मनात घेतलं होतं. तुमची चूक नाही, हे तिला कितीदा सांगावं लागलं. अर्ज नंतर गेला. मुलगी वर्गात आहे.

तुझे आजोबा साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा व शिका' योजनेत शिकले, हे तू लहानपणापासून ऐकलंयस. ते ज्या आदरानं कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव घ्यायचे, तितक्याच आदरानं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचंही घ्यायचे. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्या माउलीनं अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं. आमच्या अन्नकेंद्रात डाळ-तांदळाच्या पिशव्या भरताना मला हे आठवतं. तिथली बाई मुद्दाम आतलं न दिसणाऱ्या पिशव्या वापरते, म्हणजे मुलाला वर्गात ती बेलाशक नेता येते. एवढा विचार कुठल्या नियमात लिहिलेला नसतो.

तुला तासिका तत्त्वावर पैसे मिळतात, दोन कॉलेजांमध्ये गाडी दामटावी लागते, हे मला ठाऊक आहे. देशभर कम्युनिटी कॉलेजांतले निम्म्याहून जास्त शिक्षक तुझ्यासारखेच आहेत. सगळ्यांची दुःखं तू उपसावीस असं मी म्हणत नाही, तुझं जेवणखाणही वेळेवर होत नाही. पण तातडीची मदत कुणाकडे मिळते, अन्नकेंद्र कितीला उघडतं, सल्लागार कोण, ही तीन उत्तरं पाठ ठेव. मुलाला नुसता पत्ता देऊ नकोस, पहिल्या वेळी दारापर्यंत सोबत जा. आणि गैरहजेरीची सूचना मध्यसत्र परीक्षेनंतर नको, तिसऱ्या आठवड्यात धाड. त्यानंतर माझ्यासारखीच्या हातात फारसं काही उरत नाही.

ती जी मुलगी तास संपायच्या आधी दप्तर आवरून निघून जाते, जिचा तुला राग आला होता, तिच्याशी एकदा वर्गाबाहेर बोल. तुझा तास पावणेतीनला संपतो ना? बहुतेक शाळाही त्याच सुमाराला सुटतात. मला वाटतं तिचं मूल शाळेच्या फाटकाशी उभं असतं. तसं असेल तर तुमच्या कॉलेजात पाळणाघर आणि शाळा सुटल्यानंतरची सोय आहे का, ते शोधून काढ आणि मला सांग. नसेल तर तिला सकाळच्या तुकडीत घेता येईल का, ते तुझ्या विभागप्रमुखांना विचार. जागा भरायच्या आत विचार, सत्र बदललं की सकाळचे वर्ग आधी भरतात.

गुरुवारी दुपारनंतर मी घरी आहे. फोन कर.

तुझी,
आई